त्या चढासाठी बसवलेले सिलिंडर

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये तुमच्यासाठी शोकसभा झाली. तुमचे साहेब बोलले, मंडळाचे सेक्रेटरी बोलले, आणि शेवटी तुमच्या कारखान्यातला एक तरुण इंजिनिअर उठला. म्हणाला, तुम्हाला जुन्या गाड्यांचा फार छंद होता, जुन्यापुराण्या फटफटीला तुम्ही स्वतःच्या हातांनी मोठे सिलिंडर बसवले होते, असा हौशी माणूस विरळा. लोकांनी माना डोलावल्या. मी पदर तोंडाशी धरून खाली बघत बसले. शेजारी अक्का होत्या. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "सोडून दे, सुमा. त्याला काय माहीत."

खरंच त्याला कसं माहीत असणार? आपण दोघांनी कोणाला सांगितलंच नाही. अक्कांना ठाऊक होतं, पण तुमच्या या थोरल्या बहिणीनं विधवा होऊन भावाच्या घरी आल्यापासून घरातला शब्द कधी उंबऱ्याबाहेर नेला नाही. म्हणून मी हे तुम्हालाच लिहिते आहे. यातलं जवळजवळ सगळं तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते, कारण माझ्या तोंडून तुम्ही ते कधी ऐकलं नाहीत. असताना तुम्ही ऐकून घेत नव्हता आणि मीही फार वेळ बोलत नव्हते.

सांगलीहून लग्न होऊन मी बंगलोरला आले तेव्हा मला तुमची मराठी कळायची नाही. तुम्ही म्हणायचात, "स्वल्प थांब, ऊट करून जाऊ." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आत जाऊन अक्कांना विचारलं, ऊट म्हणजे काय. त्या हसून हसून बेजार झाल्या. "अगं, जेवण! कानडीत ऊट म्हणतात." तुम्हाला मात्र हसू आलं नाही. तुम्ही गंभीरपणे सांगितलंत, "आम्ही तीनशे वर्षं इथं आहोत. मराठी आम्ही आणली तशी ठेवली. तुम्हीच तिकडे बदलून टाकलीत." यावर आपला वाद झाला. आपला पहिला वाद तो. तोही कधी मिटला नाही, पण त्या वादात मजा होती.

आणि फटफटी होती. दोन सिलिंडरची, विलायती, तुमच्या-माझ्या जन्माच्या आसपासची. देश सोडून निघालेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून ती तुमच्या वडिलांनी घेतली होती. तिच्या डाव्या अंगाला होडीसारखी साईडकार. मी त्यात बसायला लाजत असे. बसवनगुडीच्या रस्त्यातून जाताना पोरं मागे पळायची. पण गाव मागे पडलं की मला आवडायचं. कोरमंगलाच्या तळ्यावर आपण गेलो होतो, आठवतं? तिथं तेव्हा बगळे आणि धोबी यांच्याशिवाय कोणी नसायचं. तुम्ही फटफटी उभी करून इंजिनावर हात धरलात, जसा आपण चुलीवर धरतो, आणि म्हणालात, "म्हातारी आहे. पण सपाट रस्त्यावर अजून चांगली पळते." मी विचारलं, "आणि चढावर?" तुम्ही म्हणालात, "चढावर तिला स्वल्प समजून घ्यावं लागतं."

चिक्कबळ्ळापूरला तुमच्या काकांकडे मुंज होती. मला आठवा महिना होता. आपण साईडकारमधून जाऊ नये असं अक्का म्हणाल्या होत्या, पण जाताना आपण रमतगमत गेलो, काही झालं नाही. मुंजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पोटात दुखायला लागलं. तिथले डॉक्टर गावाला गेलेले. बंगलोरची बस नुकतीच सुटली होती. काकू म्हणाल्या, सुईणीला बोलावते. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत आणि फटफटीला किक मारलीत.

गाव सोडलं की दोन डोंगरांच्या मधून तो चढ लागतो. फार मोठा नाही. त्याच्या निम्म्यावर इंजिन धापा टाकायला लागलं. तुम्ही गिअर बदललात, आणखी बदललात, मग खाली उतरून हँडल धरून बाजूनं चालायला लागलात. तुमच्या शर्टाची पाठ भिजलेली मला दिसत होती. तुम्ही तिच्याशी बोलत होता, कानडीत. बैलाशी बोलावं तसं. मग आतून एक करकर असा आवाज आला आणि ती थांबली. किकचा दांडा खाली जाईना. आतले पिस्टन तापून सिलिंडरला घट्ट चिकटले होते. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त कळलं की एकदम शांत झालंय, आणि रस्त्याच्या कडेला चिंचेच्या झाडाखाली शेळ्या चरतायत.

भुईमुगाची पोती घेऊन जाणारी एक लॉरी आली तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. फटफटी तशीच रस्त्यावर सोडून तुम्ही मला पोत्यांवर निजवलंत. दवाखान्यात पोचलो. मुलगी झाली, ती गेलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला आत बोलावून माझ्यासमोरच सांगितलं, "बाळाचे ठोके आधीच थांबले होते. तुम्ही गाव सोडण्याच्याही आधी. अर्ध्या तासात आणलं असतंत तरी हेच झालं असतं." मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही मान हलवलीत, आभार मानलेत, आणि व्हरांड्यात गेल्यावर अक्कांना म्हणालात, "बाई दयाळू आहे."

इथून आपला दुसरा वाद सुरू झाला, तो संपलाच नाही.

तुम्ही फटफटी बैलगाडीला बांधून परत आणलीत आणि मागच्या पडवीत उभी केलीत. मला वाटलं, विकाल. बरेच महिने तिला कोणी हात लावला नाही. मग एका शनिवारी तुम्ही दंडूतून, म्हणजे कँटोनमेंटातल्या भंगारबाजारातून, गोणपाटात गुंडाळून काहीतरी जड आणलंत. उघडलं तर गंजलेले दोन सिलिंडर. त्याच विलायती कंपनीच्या मोठ्या गाडीचे, तुम्ही म्हणालात. जुन्यांपेक्षा चांगले रुंद. त्यांच्या पिस्टनवर वाटी पालथी घातली तर पिस्टन पुरा झाकला जाणार नाही, इतके मोठे.

"हे कशाला?" मी विचारलं.

"जुने चिकटून खराब झालेत."

"मग जुन्यासारखेच आणा. नवे पिस्टन घाला. मोठे कशाला?"

"ताकद कमी पडली, सुमा."

"कशाला कमी पडली?"

तुम्ही रॉकेलच्या डब्यात सिलिंडर बुडवून ब्रशानं घासायला लागलात.

ते काम दीड-दोन वर्षं चाललं असेल. रविवार आणि कारखान्याच्या सुट्ट्या सगळ्या त्यात गेल्या. मोठा सिलिंडर जुन्या इंजिनावर नुसता ठेवून बसत नाही, हे मला तेव्हा कळलं. सिलिंडर ज्या ॲल्युमिनियमच्या पेटीवर बसतात तिची दोन्ही तोंडं रुंद करावी लागतात. तुम्ही ड्रॉइंग ऑफिसातले, घरीही पाटीवर कागद ताणून नकाशे काढायचात. ती तोंडं कापायला दंडूतले लॉरेन्स होते, लेथ चालवणारे, तुमचे शाळेपासूनचे मित्र. तेच एकदा घरी आले आणि माझ्यासमोर तुम्हाला म्हणाले, "अजून विचार कर. इथली भिंत पातळ होते. एकदा कापली की ही पेटी पुन्हा पहिल्यासारखी व्हायची नाही. तुझ्या बाबांची गाडी आहे."

"काप," तुम्ही म्हणालात.

ते गेल्यावर मी पहिल्यांदा तुमच्यावर ओरडले. म्हणाले, "इंजिन मोठं करून ती परत येणार आहे का? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते तुम्हाला खोटं का वाटतं? मला त्याच्यावर विश्वास ठेवायचाय. मला जगायचंय पुढं. तुम्ही रोज मागच्या दारी तो चढ मांडून बसता, मी कुठं जाऊ?"

अक्का मधल्या खोलीत वाती वळत होत्या. त्यांचे हात थांबले. तुम्ही म्हणालात, "मी तिथं चालत होतो, सुमा. तू बसलेली होतीस. मी चालत होतो आणि मला काहीच करता येत नव्हतं."

मी आत जाऊन चूल पेटवली. 

पण त्या कामातलाच एक दिवस असा आहे की त्याच्यासाठी मी तुमची ऋणी आहे, आणि हेही मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. पेटी कापून आली होती, पिस्टन बसले होते, आता वरून सिलिंडर उतरवायचे होते. पिस्टनच्या खाचांत पोलादी कड्या असतात. त्या बाहेर फाकलेल्या असतात आणि बोटांनी आत दाबून धरल्याशिवाय सिलिंडर खाली सरकत नाही. एकट्याचं ते काम नाही. लॉरेन्सना ताप आला होता. तुम्ही पडवीतून हाक मारलीत. मी पदर खोचून आले, तुम्ही माझ्या बोटांना तेल लावलंत, एकेका बोटाला, आणि कुठं दाबायचं ते दाखवलंत. मी दाबलं. तुम्ही सिलिंडर दोन्ही हातांत तोलून हळूहळू खाली आणलात. "सोड ही. आता खालची धर. घाई नको. सोड." आपली डोकी एकमेकांना लागत होती. शेवटची कडी आत गेली आणि सिलिंडर सरकन खाली बसला, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. दवाखान्यातून आल्यानंतरचं ते पहिलं हसू. मग आपण दुसरा बसवला. माझी बोटं कापली होती, ते मला नंतर हळद लावताना दिसलं.

त्या दिवशी मला वाटलं, करू देत. हे झालं की संपेल.

फटफटी चालू झाली तेव्हा पडवीतली भांडी वाजली. आवाज पार बदललेला, खोल, आणि हादरे इतके की अक्का म्हणाल्या, "अय्यो, हिच्यात वाघ बसलाय का!" नवीन इंजिन आधी जपून चालवावं लागतं म्हणून तुम्ही ती सर्जापूर रोडला न्यायचात. तिथं नाचणीच्या शेतांतून सरळ रस्ता जातो, रहदारी नाही. दोनदा मीही आले. पेटीच्या तोंडाशी थोडं तेल झिरपायचं, लॉरेन्स म्हणाले होते तसं. तुम्ही घरी आल्यावर ते पुसायचात.

मग तुम्ही म्हणालात, "रविवारी चिक्कबळ्ळापूर."

"मी साईडकारमध्ये बसणार नाही," मी म्हणाले.

"सरी," तुम्ही म्हणालात, म्हणजे बरं. रागावला नाहीत.

रविवारी सकाळी मी तुळशीला पाणी घालायला मागच्या दारी आले, तर तुम्ही साईडकारमध्ये तांदळाचं पोतं ठेवत होता. त्याच्यावर विटा. मग आणखी दोन विटा. मग जरा मागं सरकून तुम्ही बघितलंत आणि एक वीट काढलीत. तुम्ही काय करताय ते मला कळलं. माझं तेव्हाचं वजन तुम्ही भरत होता. माझं आणि तिचं. तांब्या तिथंच ठेवून मी आत आले आणि देवघरापुढं बसून राहिले. तुम्ही गेल्याचा आवाज ऐकला.

दुपारी परत आलात. पोतं, विटा तशाच. मी पाणी दिलं. तुम्ही एका दमात प्यायलात.

"चढली?" मी विचारलं.

"चढली."

"मध्ये थांबली?"

"नाही. थांबली नाही. उतरावंही लागलं नाही."

मला बरं वाटायला लागलं होतं. मी जवळ बसले. वाटलं, आता तुम्ही हात धराल, आता संपलं. तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात, "म्हणजे चढता येत होतं."

"तेव्हा हे सिलिंडर नव्हते."

"असायला हवे होते."

इतकी मेहनत करून तुम्ही हे सिद्ध केलंत! ती चढली नसती, पुन्हा अर्ध्यावर बसली असती, तर तुम्ही कदाचित म्हणाला असतात की त्या चढापुढं कोणाचंच चाललं नसतं. ती चढली, आणि तुम्ही स्वतःला कायमचं दोषी ठरवलंत. मी पुष्कळ बोलले त्यानंतर. रडले, अबोला धरला, एकदा महिनाभर सांगलीला जाऊन राहिले. तुम्ही मला न्यायला आलात, आईच्या हातचं पोटभर जेवलात, माझ्या भावाच्या मुलांना खांद्यावर घेतलंत. पण त्या एका बाबतीत तुम्ही कधी हलला नाहीत. मूल आपल्याला पुन्हा झालं नाही. त्याबद्दल मात्र तुम्ही कधी एका शब्दानं मला टोचलं नाहीत, दुसऱ्या कोणाला टोचू दिलं नाहीत. तुमच्या काकूंनी एकदा विषय काढला तेव्हा तुम्ही ताटावरून उठलात, हात धुतलेत आणि मला म्हणालात, "चल, सुमा, घरी जाऊ." ते मी विसरलेले नाही.

फटफटी तुम्ही विकली नाहीत. स्वतः बसनं कामावर जायचात, पण ती नेहमी तयार ठेवायचात. आळीत सगळ्यांना माहीत झालं होतं, की कोणाचं अडलं तर रावांकडे जा. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या सुनेला तुम्ही दवाखान्यात नेलंत तेव्हा मी तिच्या पायाशी साईडकारच्या कडेला धरून बसले होते. तुम्ही फाटकाशी आम्हाला उतरवलंत आणि आत न येता निघून गेलात. तिला मुलगा झाला. शिंपी पेढे घेऊन आला, तुमच्या पायाला हात लावायला वाकला, तुम्ही दोन पावलं मागं सरलात. पेढा अक्कांच्या हातावर ठेवलात आणि पडवीत जाऊन बसलात. मी आले. मी म्हणाले, "हा तरी चढ तुम्ही चढलात की नाही?" तुम्ही म्हणालात, "तो सपाट रस्ता होता."

असे होता तुम्ही. चीड यायची मला.

आणि आता तुमचं सांगते. ताप आला, डोळे पिवळे दिसले, त्याच दिवशी मी कारखान्याच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी त्याच दिवशी दवाखान्यात हलवलं. कारखान्याची गाडी दारात आली, स्ट्रेचर आलं, तीन माणसं मदतीला. रस्त्यात कुठं चढ नव्हता. आत डॉक्टर वाट बघत उभे होते. बाटली लावली, रक्त तपासलं, जे करायचं ते सगळं झालं. आणि तरी तुम्ही गेलात. मोठे डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, "तुम्ही अगदी वेळेत आणलंत. कावीळ फार जोराची होती. तुमच्याकडून काही राहिलं नाही."

मी मान हलवली, आभार मानले. आणि काय वाटलं, सांगू? वाटलं, हा माणूस दयाळू आहे.

तेव्हापासून मी तेच करतेय जे तुम्ही केलंत. अंथरुणाला पाठ लागली की सुरू होतं. आजारापूर्वी आपण ज्या लग्नाला गेलो होतो तिथलं पाणी तुम्ही प्यायला नको होतं का. महिनाभर आधीपासून तुम्हाला भूक नव्हती, ते मला दिसायला हवं होतं का. उन्हाळा बाधलाय असं तुम्ही म्हणालात ते मी का ऐकलं. कुठंतरी तो चढ असणार आणि मला तो सापडला पाहिजे, असं वाटतं. सापडला की निदान हातात काहीतरी धरायला मिळेल. आता मला तुमचं कळतं. इतकी वर्षं मी तुम्हाला सोडून द्या, सोडून द्या म्हणत होते. सोडून देता येत नाही. तुम्ही गेल्यावर ते मला कळावं, आणि सांगायला तुम्ही नसावंत.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी तुम्हाला कधी विचारली नाही.

दवाखान्यात मला तिला दाखवलं नाही. मला ग्लानी होती, आणि तेव्हा तसं दाखवत नसत. दवाखान्यातल्या आयाबाईनं तिला कपड्यात गुंडाळून तुमच्या हातात दिलं. अक्का मुंजीहून मागून बसनं येत होत्या, त्या पोचल्या नव्हत्या. तुम्ही एकटेच टांगा करून गेलात आणि माती देऊन आलात. म्हणजे तिचा चेहरा पाहिलेलं या घरात एकच माणूस होतं. ती कशी दिसत होती, हे विचारायला शब्द कित्येकदा माझ्या ओठांवर आले होते. पण विचारलं तर तुम्ही आणखी खचाल असं वाटायचं. तुम्हीही सांगितलं नाहीत. तुम्हालाही माझ्याबद्दल तेच वाटत असेल.

तुम्ही गेल्यावर हे माझ्या ध्यानात आलं आणि मला राहवेना. काल दुपारी अक्का तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "अक्का, तुमच्याशी कधी बोलले का हो ते तिच्याबद्दल?"

त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी माती देऊन घरी आला तेव्हा मी त्याच्या पायांवर पाणी घालत होते. तेव्हा एकदाच बोलला. म्हणाला, अक्का, जावळ दाट होतं. कपाळावर आलेलं."

"आणखी?"

"आणखी काही नाही. मग रडला."

मी तिथंच बसून राहिले. अक्कांनी सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. दाट जावळ. कपाळावर आलेलं. इतक्या वर्षांनी मला तिचं काहीतरी मिळालं, आणि ते तुमच्याकडूनच मिळालं.

अक्कांना सांगितलंत. मला सांगितलं असतंत तर मला झेपलं असतं हो.